कंपनीच्या उंचीची गाडी

"ही गाडी कधी उंच करून घेतली होती का?" सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने पिकअपखाली वाकून विचारलं.

"छे हो! घेतली तशीच आहे," हिंदुराव म्हणाला. कालच त्याने गॅरेजवाल्याकडून गाडी उंच करणारं लिफ्ट किट उतरवून मूळचे स्प्रिंग परत बसवले होते. कंपनीला चालणारं किट घेतलं असतं तर वॉरंटी राहिली असती. पण त्या किटने गाडी दोनच इंच उचलली जायची, आणि मेव्हण्याची चार इंच उचललेली! आता स्टिअरिंग बॉक्स गेला होता आणि तो वॉरंटीत फुकट बदलून हवा होता.

"पण आज बुटकी झालीय हं गाडी," सोबत आलेली आई कौतुकाने म्हणाली. "परवापर्यंत मला चढायला स्टूल लागायचं."

त्या माणसाने भुवया उंचावल्या. हिंदुराव घाईघाईने त्याच्या कानाशी लागला. "मनावर घेऊ नका साहेब. तिला हल्ली भ्रम होतो. काहीही बोलते."

माणूस हळहळला. त्याने क्लेम मंजूर केला, वर आईसाठी चहा मागवला. आईने तो घेतला नाही. हिंदुरावची कुजबुज पहिल्यापासूनच मोठी.

संध्याकाळी परतताना आई खिडकीबाहेर बघत होती. मग स्वतःशीच पुटपुटायला लागली, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..."

निदान एकदा तरी चुकू दे, असं हिंदुराव मनात देवाला विनवत होता. ती कुठेच अडखळली नाही. "एकोणतीस दाहे दोनशे नव्वद," म्हणून थांबली, आणि मग तिने वळून त्याच्याकडे पाहिलं.