टाकलं आणि ठेवलं

लढाईमुळं धान्य महागलं, तेव्हा पानात अन्न टाकील त्याला दंड, असा सरकारी हुकूम आला. साखरा गावात सकाळीच दवंडी झाली. दुपारी माणिकनं रोजच्यासारखी अर्धी भाकर ताटात राहू दिली. दाराआड उभी त्याची नवी बायको शालू धास्तावली. ती त्याच्याच ताटात जेवायची आणि बायांची जेवणाची पाळी येईतो टोपल्यात फारसं काही उरत नसे.

"काहून टाकलं रे? हुकूम ऐकला न्हाई? खाऊन टाक!" सासरे तातेराव गरजले.

"अवं, टाकलं न्हाई त्यानं," सासूबाई म्हणाल्या, "बायकोसाठी ठेवलंय."

तातेराव आपल्या चाटूनपुसून लख्ख केलेल्या ताटाकडं बघत राहिले. मग सासूबाईंना हळूच म्हणाले, "मंग इतकी वर्सं मला काहून न्हाई सांगितलं?"