टीव्हीवरचा रुमाल

"मयूरीच्या रुखवतासाठी अगदी असाच करून दे," म्हणत गोदावरीबाईंनी टीव्हीवरचा क्रोशाचा गोल रुमाल उचलून नव्या सुनेच्या मांडीवर ठेवला. सोबत पांढऱ्या दोऱ्याचे सहा गुंडे. "तुझ्या नणंदेच्या लग्नाला तीन महिने आहेत. तुझ्या तर डाव्या हातचा मळ."

आठच महिन्यांपूर्वी अश्लेषाच्या स्वतःच्या रुखवतात हा रुमाल 'चि. सौ. कां. अश्लेषा हिच्या हातचे विणकाम' अशी चिठ्ठी लावून मांडला होता. खरं तर तो साताऱ्याच्या मावशीनं दिलेला. मावशीनं तो कधीकाळी इथल्याच, सांगलीच्या एका महिला मंडळातून विकत घेतला होता आणि भाचीच्या लग्नात नीळ घालून नवा केला होता. त्या काळी बरीच रुखवतं अशीच उभी राहायची. टीव्ही, फ्रीज, मिक्सर, सगळ्यांच्या डोक्यावर काही ना काही विणलेलं असायचं, आणि ते कुणी विणलं हे कुणी फारसं विचारायचं नाही. अश्लेषाला साखळी आणि साधे खांब या सोप्या टाक्यांपलीकडे सुई चालवता येत नव्हती. हा तर बारा अननसांचा नमुना. आणि खरं सांगावं, तर माहेरची शोभा होणार.

"आई, तुम्ही बघाल ना मधूनमधून?" तिनं चाचरत विचारलं.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही बाई."

हे ऐकून तिला उलट हायसं वाटलं. चुका पकडणारं घरात कुणी नव्हतं.

रुमाल पुढ्यात पसरून ती एकेक टाका मोजून उतरवू लागली. हळदीच्या मार्केटातून आलेल्या सासऱ्यांना हात धुतल्याशिवाय दोऱ्याजवळ फिरकायची बंदी झाली. पुष्करला, तिच्या नवऱ्याला, टीव्ही उघडा पडलाय हे आठवड्यानं कळलं. अननस सुरू होतात तो फेरा तिनं तीनदा उसवला. चौथ्यांदा चुकला तेव्हा तिला रडूच आलं. शेजारी गवार मोडत बसलेल्या गोदावरीबाई मान वर न करता म्हणाल्या, "उसव की. दोरा कुठं पळून जातोय?"

तिनं उसवला. प्रत्येक अननसाच्या बुडाशी आठ खांब होते, एकाच्या मात्र सात. नमुनाच तसा असेल म्हणून तिनंही तिथं सातच घातले. पुढं पुढं मोजावं लागेना, बोटांनाच कळू लागलं.

लग्नाला आठ दिवस असताना तिनं दोन्ही रुमाल सासूपुढे ठेवले. आता तिला भीती वाटत नव्हती.

"आई, जुना माझ्या हातचा नव्हता. हा आहे."

"ठाऊक आहे मला."

गोदावरीबाई नव्या रुमालावरून बोट फिरवत गेल्या. एका अननसापाशी बोट थांबलं.

"इथं सातच खांब का गं?"

"जुन्यात तसंच आहे. नमुनाच आहे ना तो?"

गोदावरीबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "नमुना कसला. तिथं पोचले आणि पुष्करच्या वेळच्या कळा सुरू झाल्या. खांब मोजायचं भान कुणाला होतं?"