दंड पुढं कर

“पोरी, बाळंतपणानंतर बीपी गुपचूप वाढतो, दंड पुढं कर,” संघप्रियाताई म्हणायच्या. मी हसायचे, “मी काय पेशंट हाय का, ताई?” आम्ही सेलूला एकाच वॉर्डात नर्स होतो. बाळासाठी मी नोकरी सोडली, तेव्हा ताईंनी स्वतःचं बीपीचं मशीन हातात ठेवलं. काल चहा गाळता गाळता ताई खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मेंदूत रक्तस्राव झाला, ताई गेल्या. “सगळ्या वॉर्डाचा बीपी बघायच्या गं, त्यांचा कुणी बघितलाच न्हाई,” आमच्या वॉर्डातली नर्स राजेश्री ड्यूटीवरून फोन करून रडली. आता लेक डाव्या दंडावर झोपलीय, हाताला मुंग्या येतायत. तिच्या डोक्याचं ओझं असेल, पण छाती धडधडते. तिला खाली ठेवून ताईंच्या मशीनचा पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला. आकडा बरा आला. तूही स्वतःचा बीपी बघ, हे सांगायला राजेश्रीला फोन लावतेय, ती उचलत नाही. तुमच्या ओळखीतल्या सिस्टरला आज जवळ बसवून म्हणा, “दंड पुढं कर.”