चाकोऱ्या

"एवढ्या चाकोऱ्यांत आता गहू पेरणार हायस का मासं पाळणार हायस?" यशवंतअण्णांनी बांधावरूनच सुनेला टोमणा मारला.

ते लेकीकडे गेले असताना शैलाने शेजारच्या खोतांच्या उसाच्या ट्रॉल्यांना आपल्या ओल्या रानातून वाट दिली होती. खोतांचा ऊस कारखान्याला गेला आणि यांच्या रानात वीतभर खोल चाकोऱ्या राहिल्या. आज रान सपाट झालं नाही, तर यंदा ते दुसऱ्या कुणाला वाट्याने कसायला द्यायचं, असं अण्णांनी घरात सांगून टाकलं होतं. शैला तर या रानात पहिल्यांदाच स्वतः पेरणी करणार होती.

"मामा, दिवस मावळताना रान बघा, मग सांगा काय ते," म्हणत ती ट्रॅक्टरवर चढली. पॉवर हॅरोच्या मागे तिने लोखंडी रोळ जोडला होता.

अण्णांनी आधी तोंड फिरवलं. मग हळूच वळून पाहिलं. हॅरोचे उभे दात गरगर फिरत चाकोऱ्यांच्या कडा फोडत होते, माती आत लोटत होते, आणि मागून येणारा रोळ ती दाबून बसवत होता.

दिवस कलला तेव्हा या बांधापासून त्या बांधापर्यंत रान नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखं पसरलं होतं. तिरप्या उन्हात एका ढेकळाचीही सावली नव्हती. अण्णांनी जन्मभर बैलांमागे फळी ओढली होती, पण असं रान कधी पाहिलं नव्हतं.

शैला इंजिन बंद करून उतरली. अण्णांनी वहाणा काढल्या, एक पाय उचलला आणि तसाच मागे घेतला.

"शैला," त्यांनी हाक मारली, "कुठनं आत येऊ गं?"