राखलेलं रान

खांद्यावरची फाशांची जुडी सावरत नारूसिंग पारधी टेकडी चढला आणि थिजलाच. समोर एकही साग उभा नव्हता. नुसते बुडखे, आणि लाकडांनी लादलेले ट्रक.

तीन वर्षं त्याच्या माणसांनी या रानात फासा मांडला नव्हता. रान दमलं की त्याला विसावा द्यायचा, तितर-ससे वाढले की मगच परतायचं, ही वाडवडिलांची रीत.

"कोनाले इचारून तोडलं?" तो कडाडला.

कंत्राटदाराच्या मुकादमाने परवान्याचा कागद फडकवला. "इचारायचं कोनाले, बाबा? तीन वर्सं इथं कोनी फिरकलंच नाही. रान बिनवापराचं, असं लिहून देलं साहेबानं."

नारूसिंग वाकला. बुडख्याशी चिरडलेली तितराची अंडी त्याने ओंजळीत उचलली आणि त्या कागदावर ओतली.

"आमी फिरकलो नाही, म्हनून त हे अंडे होते!"