चाळीस मिनिटं

नियोजनाच्या साहेबांनी सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या बसमधून, एकाही थांब्यावर न थांबता फेरीची वेळ मोजली आणि वेळापत्रकात चाळीस मिनिटं लिहून टाकली. त्या चाळिसापायी त्या मार्गावरच्या ड्रायव्हरला रोज उशिराचा शेरा मिळाला, सहा महिने डेपोत गाड्या धुवाव्या लागल्या. त्याने डूख धरला. तक्रारी वाढल्या, म्हणून आज साहेब त्याच्याच रिकाम्या बसमध्ये पुन्हा वेळ मोजायला घड्याळ घेऊन बसले. अकराला त्यांची बढतीची मुलाखत होती आणि वाटेत मुख्य कार्यालयापाशी उतरायचं होतं. कार्यालय आलं, मागे पडलं. “अरे, थांब! मला उतरायचंय!” साहेब दांडा धरून ओरडले. “थांब्याला तुम्ही वेळच ठेवली नाही, साहेब,” ड्रायव्हर समोर बघत म्हणाला. “थांबलो तर पुन्हा गाड्या धुवायला धाडाल!” शेवटच्या थांब्यावर बस लागली तेव्हा अकरा वाजून गेले होते. ड्रायव्हरने फेरीच्या वेळेचा तक्ता पुढे केला. “लिहा साहेब, वेळेवर.”