एक हिसका

बुडालेल्या माणसाला शोधायला आकारामआबा विहिरीत उतरायचे, तेव्हा काठावर दोर धरायला त्यांचा मुलगा अमरसिंह असायचा. त्यानं एक हिसका देऊन विचारायचं, आबांनी खालून एक हिसका देऊन उत्तर द्यायचं. तो आला की अमरसिंह मागं आईला सांगायचा, “ठीक हाईत.”

आबा जाऊन सहा वर्षं झाली. आता त्यांच्याच जुन्या सामानानिशी पाण्यात उतरायचं अमरसिंहानं मनावर घेतलं होतं आणि त्याच्या बायकोचा, प्रियदर्शनीचा, जीव टांगणीला लागला होता.

भर दुपारी त्यानं हवा भरलेला सिलिंडर नळीसकट दोराला बांधून मळ्यातल्या विहिरीत सोडला. गळती असली तर बुडबुडे दिसणार होते. सिलिंडर तळाला टेकायच्या आतच पाणी उकळल्यासारखं झालं.

“सगळीकडनं गळतंय. भंगारातच घालायचं आता,” तो म्हणाला.

“सुटलो बाई,” म्हणत प्रियदर्शनी विहिरीकाठच्या दगडी थारोळ्यावर टेकली.

बुडबुडे थांबले. वर ओढायच्या आधी अमरसिंहानं सवयीनं दोराला एक हिसका दिला.

खालून एक हिसका आला.

त्याला एकदम हायसं वाटलं, पूर्वी वाटायचं तसंच. मान मागं वळवून तो म्हणाला, “ठीक हाईत.”

प्रियदर्शनी उठून उभी राहिली.

“कोण ठीक हाईत?”